प्रवास : नाही

हल शहरात, हंबरच्या मुखाशी,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री पावणेदोनला
ती आली. छत्तीस वर्षांची, वृद्धाश्रमात नोकरी.
नाव जसिंता आल्मेडा.
ताप इथल्या मापात एकोणचाळीस पूर्णांक सहा.
डोळे हलवले तरी दुखतात म्हणाली,
आणि पाठीत कुणी पाचर ठोकतंय.

कागदावर बर्नाडेटने लिहिलं होतं :
परदेश प्रवास – नाही.
मीही विचारलं, इंग्रजीत, सवयीने.
नो, डॉक्टर.
म्हणजे फ्लू. नाहीतर लघवीचं इन्फेक्शन. म्हणजे
या दिवसांत जे सगळ्यांना होतं तेच,
पॅरासिटामॉल, आणि पुढचा पेशंट.

पडदा ओढायला हात लावला आणि ती
उशीत तोंड खुपसून कण्हली,
"आये गो, हाडां मोडली माजी."

आमच्या अकोल्याच्या वॉर्डात
म्हातारी माणसं या तापाला हाडमोड्याच म्हणायची.
पुस्तकातलं नाव मला नंतर कळलं.

मी खुर्ची ओढली.
"गावाला गेला होतात का?"
"तर! भावाच्या घराचा स्लॅब होता, आरोंद्याक.
बारा दिस रवलंय. शुक्रवारी इलंय."
"मग प्रवास नाही कसं म्हणालात?"
तिने तापलेले डोळे उघडून माझ्याकडे बघितलं,
वेड्याकडे बघावं तसं.
"गावाक गेल्लंय. प्रवास कसलो?"

मग बोटांवर उलटं मोजणं.
ताप रविवारी संध्याकाळी. विमान शुक्रवारी.
चावला असेल तो त्याच्या आधी,
कमीत कमी चार दिवस, फार तर चौदा.
एकवीसच्या आत आहोत, म्हणून
आणखी वाईट नावंही खिशात ठेवायची.
आणि सगळ्यात आधी मलेरिया, कितीही खात्री वाटली तरी
मलेरिया, काच तीनदा रंगवायची,
तो उद्याची वाट बघत नाही.
चिखलात उतरलात? गोठ्यात? अंगावर गोचीड?
काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं?
"माकड नाय. पिंपां होती, आठ. स्लॅबवर पाणी मारूक.
दुपारची मी थंयच बसान कांदे कापी."

रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगवून पाच मिनिटं ठेवला.
सोडला. कोपराखाली, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत,
लाल ठिपके. बावीस.
बर्नाडेट टॉर्च धरून होती.
"मी विचारलं होतं तिला," ती म्हणाली.
मीही विचारलं होतं, मी म्हटलं.

बुधवारी दुपारी लॅबचा फोन : डेंगी.
काच तिन्ही वेळा स्वच्छ.

गुरुवारी ताप उतरला.
वृद्धाश्रमातून केळी आली, कार्ड आलं,
त्यावर अकरा थरथरत्या सह्या.
वॉर्ड खूश. मला काही खूश होता येईना,
हा ताप जाता जाता हात मारून जातो.
प्लेटलेट्स एक्याण्णव हजार, मग चव्वेचाळीस,
शुक्रवारी रात्री सव्वीस.
पोटात दुखतंय? हिरड्या? पाळी आली का?
दर दोन तासांनी तेच प्रश्न,
आणि सलाइन असं की थेंब कमी नको, थेंब जास्त नको.

शनिवारी पहाटे एकतीस.
बंद कँटीनच्या शटरपाशी मशीनचा चहा घेतला,
त्याला टोमॅटो सूपचा वास येत होता. सगळा प्यालो.

परत आलो तर ती जागी.
"नऊ नंबरच्या खोलीतले विंटरबॉटम,
मागच्या शनिवारी त्यांची नखां मियां काढलंय.
त्यांका तर नाय ना जावचा?"
नाही, म्हटलं. मध्ये डास लागतो. तो इथे नाही.

बाहेर धुकं. बंदराकडून एक लांबलचक भोंगा.
ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली.
"थंय असा," म्हणाली.
"भावाक सांगूक होया, पिंपां उपडी कर म्हणान."

मी तिचा फोन चार्जरवरून काढून हातात दिला.
आरोंद्यात साडेदहा वाजले होते.